गढीची माती

मागच्या महिन्यात आजोळी गेलो होतो. गावातल्या गढीचा, म्हणजे पाटील-देशमुखांच्या जुन्या तटबंदीच्या वाड्याचा, उत्तरेकडचा बुरूज आता नाही. जेसीबी लावून कुणीतरी माती काढली, ट्रॉल्या भरल्या आणि रानात पसरली. मामाला विचारलं तर म्हणाला, "पांढरी माती हाय, रानाला चांगली. समदेच नेतात." खरंच आहे ते. आज्जीच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, दरवर्षी मिरगाच्या आधी ह्याच मातीनं सारखं व्हायचं, आणि ती घमेली मीही वाहिली आहेत. म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. पण मनातलं लिहायचं आहे.

आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांची. पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींचा चिखल जिरून ती पांढरी होते. म्हणून रानाला खत, म्हणून छताला लिंपण. पैठण, तेर, नेवासे इथला जुना इतिहास अशा पांढरीच्या टेकाडांतूनच वर आला. मराठवाड्यात-वऱ्हाडात गढ्या उभ्या राहिल्या त्याही ह्याच मातीच्या. खाली दगडी जोतं, वर हातभर नव्हे, माणूस आडवा झोपेल इतक्या रुंद मातीच्या भिंती. देवडी म्हणजे पहारेकऱ्यांची जागा, सदर म्हणजे कारभाराची बैठक, धान्याची बळदं, बुरुजात जंग्या म्हणजे मारा करायची भोकं. पेंढारी आले की गावातली बायकापोरं आत आणि दिंडी बंद. शेतसारा इथंच गोळा व्हायचा, निवाडे इथंच व्हायचे. जुलूम झाला असेल तर तोही इथंच. सगळ्या पाटील-देशमुखांना मी देवमाणसं ठरवत नाही.

आता दोन घरं सांगतो.

एक वेरूळचं. बाबाजी भोसले तिथले पाटील. त्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, शिखर शिंगणापूरला तळं बांधलं, आणि इंदापूरच्या लढाईत ते पडले. शहाजीराजे त्यांचे पुत्र. ह्या भोसल्यांच्या गढीचं आज काय उरलंय? मातीचा उंचवटा आणि खोदकामात उघडे पडलेले पाये. वेरूळला लाखो लोक येतात, कैलास लेणं बघतात, घृष्णेश्वराला अभिषेक करतात आणि परततात.

दुसरं सिंदखेडराजाचं. लखुजी जाधवराव, देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणारं घराणं, निजामशाहीतले मातब्बर सरदार. 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ इथंच जन्मल्या. इथला वाडा दगडाचा, म्हणून निदान दरवाजा तरी मुंबई-नागपूर रस्त्यालगत अजून ताठ उभा आहे. आतला महाल गेला, जोती उरली. तिथला काळाकोट नावाचा कोट तर बांधून पुराच झाला नाही.

ही दोन्ही घरं सोयरी झाली आणि वैरीही झाली. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला त्या दिवशीच्या झटापटीत जाधवांचा दत्ताजी गेला आणि भोसल्यांचा संभाजी गेला. एक जिजाऊंचा भाऊ, दुसरा चुलतदीर. दोन्ही बाजूंचं सुतक एकाच बाईनं कसं धरलं असेल, हे मला कधी उमगलेलं नाही. पुढे 25 जुलै 1629 ला देवगिरीच्या दरबारात दगा झाला. लखुजीराव, अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, नातू यशवंतराव, चौघेही तिथं मारले गेले. जिजाऊंना तेव्हा दिवस गेलेले होते. सात महिनेही उलटले नव्हते, तोवर 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर शिवराय जन्मले.

म्हणजे ज्यांच्यासाठी आपण रायगड-राजगडाच्या पायऱ्या चढतो त्यांचं बापाचं घर आणि आजोळ, दोन्ही सपाटीवरच्या गावातली. डोंगरी किल्ले कातळावर आहेत, तिथं पोचायला दम लागतो, म्हणून थोडेफार वाचले. गढी मात्र गावाच्या मध्यावर, हाताशी. सत्ता गेली, शिबंदी म्हणजे पदरचे शिपाई गेले, हैदराबादच्या निजामाच्या मुलखातल्या जहागिरी 1949 मध्ये खालसा झाल्या, वारसांना वाटण्या पडल्या, कुणी पुण्याला गेलं, कुणी संभाजीनगरला. दर पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला लिंपण लागतं. ते थांबलं की दहा-पंधरा पावसाळ्यांत बुरूज बसतो. उरलेलं काम आपली घमेली करतात, आणि आता जेसीबी.

2024 मध्ये सिंदखेडराजात लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्यानं खोदलं तेव्हा शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. इतकी वर्षं माणसं त्या जमिनीवरून चालत होती! तुमच्या गावच्या टेकाडात मूर्ती नसेल, पण खापरं असतील, नाणं असेल, जळक्या धान्याचा थर असेल. ट्रॉलीतून रानात गेलेला थर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. ग्रामसभेत एक ठराव घ्या, मातीउपसा बंद करा. त्याला निधी लागत नाही, मंत्र्याचं उद्घाटन लागत नाही.

मी दिवाळीत पुन्हा जाणार आहे. टेप घेऊन उरलेल्या तीन बुरुजांची मापं घेईन, फोटो काढीन, आणि मामाच्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना विचारून सदर कुठं होती, बळद कुठं होतं, ते कागदावर मांडीन. तुमच्या गावात गढी असेल तर गावाचं नाव, कोणत्या घराण्याची आणि आज काय शिल्लक आहे, एवढं खाली लिहा. फोटो असेल तर टाकाच. बुरुजावर झाड उगवलेलं असलं तरी चालेल.