हजेरीची वही

दर वर्षी 17 जानेवारीला मी निपाणीहून बेळगावला जातो. 1956 साली सीमाप्रश्नाच्या आंदोलनात ज्यांनी प्राण गमावले त्यांना त्या दिवशी हुतात्मा चौकात अभिवादन केले जाते. गर्दीत उभे राहून त्यांची नावे ऐकताना मला दर वेळी जाणवते, की गेलेल्या माणसाचे नाव चारचौघांत, मोठ्या आवाजात घेतले जावे ही मागे राहिलेल्यांची किती खोल गरज असते. सीमाभागातल्या मराठी माणसाला ही गरज कोणी समजावून सांगावी लागत नाही. आमच्यावर काय गुदरले ते ऐकून घ्या, ते कुठेतरी लिहून ठेवा, असे आपण तीन पिढ्या सांगत आलो आहोत. आज जे लिहितो आहे ते आपल्याच माणसांसाठी आहे, आणि ते लिहायला बसण्याआधी मनाची बरीच तयारी करावी लागली.

गेल्या पावसाळ्यात गावाकडच्या जुन्या घराचे छप्पर गळू लागले म्हणून माळ्यावरचे सामान खाली काढले. पत्र्याच्या एका ट्रंकेत, खंडाच्या पावत्या आणि जुनी पंचांगे यांच्या तळाशी, कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही निघाली. माझे आजोबा गावचे पोलीस पाटील होते. वहीत मोडी अक्षरात तारखा, तारखेखाली नावे आणि प्रत्येक नावापुढे शाईच्या अंगठ्याचा ठसा आहे. गावाबाहेरच्या बेरड जमातीच्या वस्तीतल्या पुरुषांची ती हजेरी होती, आणि परगावी जायचे असेल तर कुठे, कशासाठी आणि किती दिवस, हेही समासात लिहिलेले होते. एका पानावर एका नावासमोर 'लेकीचे बाळंतपण, संकेश्वर, दोन दिवस' अशी नोंद आहे, आणि पुढच्या पानावर, तिसऱ्या दिवशी, त्याच नावासमोर 'गैरहजर, फौजदारास कळविले' असे आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे. पुढे त्या माणसाचे काय झाले ते वहीत नाही. मोडी मला वडिलांनी शिकवली होती. तिचा उपयोग मला असा होईल असे त्यांनाही वाटले नसेल.

ही हजेरी आजोबांच्या मनात आली म्हणून सुरू झालेली नव्हती. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि 1924 साली पुन्हा एकत्र करून कडक करण्यात आला. माणसाने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच त्या कायद्यात महत्त्वाचा नव्हता. तो कोणत्या जमातीत जन्मला एवढ्यावरून त्याच्यावर शिक्का बसत असे. बोटांचे ठसे घेतले गेले, हजेऱ्या लागल्या, परवान्याशिवाय गाव सोडण्याची बंदी आली, आणि विजापूर, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभारून कुटुंबेच्या कुटुंबे तिथे ठेवली गेली. सोलापुरातल्या त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचा अधिकारही याच कायद्याने सरकारला दिला होता. आणि या सगळ्यावर गावपातळीवर नजर ठेवायची, कोण आला, कोण गेला ते कळवायचे, हे काम कायद्यानेच पाटलावर आणि गावच्या राखणदारांवर सोपवले होते. म्हणजे साहेबाने लिहिलेला कायदा बेरड वस्तीच्या दारात पोहोचला तो आमच्यासारख्या घरांच्या ओसरीवरून.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांचे 'बेरड' हे आत्मकथन मी तरुणपणीच वाचले होते. चोरी कुठेही होवो, पोलीस आधी बेरडांच्या वस्तीत शिरतात आणि हाती लागतील त्यांना उचलून नेतात, हे त्यांनी मराठीत, आपल्याच भाषेत लिहून ठेवले. गस्ती 2017 साली गेले. ते पुस्तक वाचून मला तेव्हा वाईट वाटले होते, पण लांबच्या कोणाचे दुःख ऐकून जसे वाटावे तसे. त्या गोष्टीत आपलेही घर आहे, हे लक्षात यायला मला साठी ओलांडावी लागली.

वही सापडल्यानंतर मी वाचत सुटलो, आणि वाचता वाचता फार दूर गेलो. कॅनडात आदिवासींची सुमारे दीड लाख मुले घरापासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतली गेली आणि हजारो मुले परत आलीच नाहीत. 2008 साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 साली 94 सूचना केल्या. 30 सप्टेंबर 2019 रोजी त्या मुलांपैकी ज्यांची नावे तोवर हाती लागली होती अशी 2,800 नावे एका लाल कापडावर लिहून लोकांसमोर आणली गेली. ते कापड 50 मीटर लांब होते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलीच्या पायाखाली पायघड्या घालतात, त्या दारापासून बोहल्यापर्यंतही इतक्या लांब नसतात. कापडाचा तो फोटो पाहताना मला माझ्या वहीतली पाने दिसत राहिली.

मात्र मला खरे अडवून धरले ते ऑस्ट्रेलियातल्या मायल क्रीक या जागेने. तिथे 10 जून 1838 रोजी गुराख्यांच्या एका टोळीने किमान 28 आदिवासींना ठार मारले, आणि त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. त्या काळात असे कितीतरी संहार झाले आणि कोणाला जाब विचारला गेला नाही. इथे मात्र खटला चालला आणि सात जणांना फाशी झाली. नंतर दीडशेहून अधिक वर्षे त्या माळावर काही नव्हते. जून 2000 मध्ये तिथे स्मारक झाले, आणि ते उभारताना मारल्या गेलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज एका ठिकाणी उभे राहिले. तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये लोक तिथे जमतात.

मारणाऱ्यांचे वंशज तिथे आले, हे मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्यांचे गेले त्यांनीच दगड उभारला आणि त्यांनीच फुले वाहिली, तर तो शोक झाला. तो करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि तो ते करतच आलेले असतात. सलोखा सुरू होतो तो दुसऱ्या बाजूचा माणूस तिथे येऊन, 'हे आमच्या घराने केले' असे स्वतःच्या तोंडाने म्हणतो तेव्हा.

आपल्या भागात हे किती अवघड आहे, ते हलगलीवरून समजते. हलगली हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे, तेव्हा ते मुधोळ संस्थानात होते. 1857 साली शस्त्रबंदीचा हुकूम आला आणि हलगलीच्या बेडरांनी, म्हणजे बेरडांनीच, हत्यारे द्यायला नकार दिला. हत्यार म्हणजे त्यांची शिकार आणि तीच त्यांची भाकरी होती. इंग्रज फौजेने गावाला आग लावली, अनेक जण मारले गेले आणि डिसेंबरमध्ये 19 जणांना फाशी देण्यात आली. आपण हे इंग्रजांच्या जुलमाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते खरेच आहे. पण मुधोळ हे घोरपड्यांचे, म्हणजे मराठा घराण्याचे संस्थान होते, आणि तो हुकूम त्याच संस्थानच्या कारभारातून बेडरांपर्यंत आला होता, एवढे वाक्य आपण त्या गोष्टीत सहसा घालत नाही. घोरपड्यांच्या पराक्रमाचा अभिमान आपण मिरवतो आणि तो मिरवायला माझी हरकत नाही. ज्या घराचा अभिमान वाटतो त्याच घरातले हे पानही आपल्यालाच वाचावे लागेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

कानडी आणि मराठी या वादात आपण दोन्ही बाजूंचे लोक इतके गुंतलो, की या मातीतले सगळ्यात जुने रहिवासी कोणाच्याच मोर्चात नीट दिसले नाहीत. आमच्या वस्तीतले लोक घरात कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. पलीकडे महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजमध्ये त्यांचा सख्खा मेहुणा विमुक्त, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या, जातीत मोडतो आणि इकडे कर्नाटकात ते स्वतः अनुसूचित जमातीत मोडतात. खानापूरच्या जंगलातल्या सिद्दी बांधवांना शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात 2003 सालीच मिळालेली अनुसूचित जमातीची मान्यता मिळायला आणखी कितीतरी वर्षे थांबावे लागले. त्याच जंगलातल्या गवळी धनगरांना वनहक्क मागताना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आपल्या संसदेने 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द लिहिले आहेत. देशाने कायद्यात जे कबूल केले ते गावाच्या चावडीवर कबूल करायला आपल्याला जड जावे, याचे मला फार दुःख होते.

मागचे उकरून काय मिळणार, असे मला अनेकांनी विचारले, आणि ते विचारणारी माणसे वाईट नाहीत. माझा चुलतभाऊ तर फोनवर म्हणाला, "आज्जांची अब्रू वेशीला टांगणार काय तू?" आजोबा क्रूर नव्हते. दुष्काळात त्यांनी कुळांचा खंड सोडल्याचे लोक आजही सांगतात, आणि मी त्यांच्या मांडीवर बसून अक्षरे गिरवली आहेत. पण तेच हात दर दिवशी त्या माणसांचा अंगठा शाईत बुडवून घेत होते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. मी त्यांचा नातू आहे म्हणून त्यांच्या नावाची जमीन मला मिळाली. मग वही तेवढी माझी नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फलक आणि माफीने पोट भरत नाही, असे वस्तीतल्या तरुणांनीच मला ऐकवले. ते बरोबर आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी संसदेत माफी मागितली, तरी 2023 साली आदिवासींना राज्यघटनेत सल्ल्याचा आवाज देण्याचा प्रस्ताव तिथल्या जनतेने सार्वमतात फेटाळला. आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय होता तिथेच राहिला, इतका की तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागले. म्हणून माझा आग्रह नुसत्या दगडासाठी नाही. वस्तीच्या घरजागेचे उतारे अजून नावावर झालेले नाहीत, ते काम आणि हे काम बरोबरच व्हायला हवे, आणि कचेरीत खेटे घालायला आपणही त्यांच्याबरोबर गेले पाहिजे.

वही घेऊन मी वस्तीत गेलो तेव्हा मला काय बोलावे ते सुचत नव्हते. ज्यांच्या आजोबांचे नाव प्रत्येक पानावर आहे असे एक वयस्क गृहस्थ मला ओट्यावर बसवून चष्मा शोधायला आत गेले. परत आल्यावर त्यांनी वही उजेडाकडे वळवली आणि एका ठशावर बराच वेळ नजर ठेवली. त्या ठशाच्या मधोमध एक पांढरी तिरपी रेघ आहे. दुसऱ्या पानावरही आहे, तिसऱ्यावरही आहे. "आज्जाच्या अंगठ्याला कोयता लागलेला म्हणून आई सांगायची," ते म्हणाले, "तेचाच वण हाय ह्यो." मग त्यांनी वही मिटली आणि विचारले, "सर, ही तुमी आता कुठं ठेवणार?" मी म्हणालो, तुम्ही सांगाल तिथे. त्यांनी थोडा विचार केला. "आमच्यात नको, पोरं फाडून टाकतील. तुमच्यात पण नको. शाळंत ठेवा, सगळ्यांच्या पोरांस्नी दिसंल."

येत्या 31 ऑगस्टला चावडीच्या भिंतीवर फलक लावायचा, असे आता ठरले आहे. मजकूर मराठीत आणि कानडीत असेल. 'तत्कालीन शासनाच्या आदेशाने' एवढेच लिहावे आणि पाटलाचे नाव घालू नये, असे बैठकीत दोघा-तिघांनी सुचवले. मी त्याला विरोध केला. आधी वस्तीतल्या माणसांची सगळी नावे येतील आणि शेवटच्या ओळीत हजेरी घेणाऱ्याचे, म्हणजे माझ्या आजोबांचे नाव येईल, आणि ते मी स्वतः वाचून दाखवीन. ज्यांच्या घरी पूर्वी पाटीलकी किंवा कुलकर्णीपण होते त्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे, की माळ्यावरचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या.

मजकूर पाहून वस्तीतल्या एका आजींनी विचारले, की यात बायकांची नावे कुठे आहेत. वहीत ती नाहीतच. रात्री हजेरीला गेलेला माणूस परत येईतो चूल धरून बसलेल्या बायकांचा अंगठा कोणी घेतला नव्हता. तेव्हापासून दर रविवारी आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसतो आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून नावे लिहून घेतो. आतापर्यंत 11 नावे मिळाली आहेत. संकेश्वरला जिचे बाळंतपण झाले त्या लेकीचे नाव अजून कोणाला आठवलेले नाही.