आरव्हीची टाकी आणि जायकवाडीची टक्केवारी

भाड्याने घेतलेल्या आमच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, दीडशे लिटर पाणी मावत होतं. पिणं, भांडी, अंघोळ, सगळं त्यातच. खाली आणखी दोन टाक्या: एक सांडपाण्याची, एक संडासाची. गंमत अशी की सांडपाण्याची टाकी भरली की वर स्वच्छ पाणी शिल्लक असूनही नळ सोडता येत नाही. दाराशेजारच्या पट्टीवर चार दिवे होते: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शॉवरखाली जेमतेम पाच मिनिटं उभा राहिलो आणि तिसरा दिवा लागला. बायको काही बोलली नाही. तिने कपाटातून स्टीलचा तांब्या काढला आणि माझ्या हातात दिला. लातूरच्या माहेरची असल्यामुळे तिने तो सामानात आधीच भरून ठेवला होता.

फेब्रुवारी २०२४ची ही गोष्ट. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून निघायचं, वाळवंटातली गावं बघत ब्लाइदच्या डॉक्टर मित्राकडे आणि मग यूमाच्या नानाकडे जायचं, असा बेत होता. तिघं एका शाळेतले. नाना दोन वर्षं पुढे होता, पण त्याला ‘अहो’ कुणीच म्हणालं नाही.

निघण्याआधी महिनाभर घरच्या ग्रुपवर माझं भांडण झालं होतं. विषय नेहमीचाच, मराठवाड्यातला ऊस. २०१९मध्ये विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली होती, ती बातमी कुणीतरी पुन्हा टाकली. मी लगेच लिहिलं, ‘बरोबरच आहे. आम्ही इथे वाळवंटात राहतो, पण पाण्याचं नियोजन बघा.’ औशाकडे चार एकर ऊस असलेल्या चुलतभावाचं उत्तर आलं, ‘दादा, तिथून बोलायला काय जातंय. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४६०० आणि बाजारात त्याच्याही खाली चाललंय. उसाला टनाला ३१५० एफआरपी, सरकारनं ठरवलेला दर, तरी हाय. तुम्ही सांगा काय पेरू.’ मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी अंगठा दाखवणारं चित्र टाकलं आणि गप्प बसलो. परदेशातल्या माणसाची ही नेहमीची सोय. वाद घालायचा आणि अडचणीचं झालं की इकडे रात्र झाली म्हणायचं.

तर, वाळवंटातलं नियोजन बघायला मी निघालो.

फिनिक्सहून पश्चिमेला जाताना आय-१० महामार्गाऐवजी ६० नंबरचा रस्ता धरला की वेंडेन, सलोम, होप अशी गावं लागतात. गाव म्हणजे काय, एक पेट्रोल पंप, एक पोस्ट, बंद दुकानांची रांग. होपच्या बाहेर पाटी आहे, ‘आता तुम्ही होपच्या पलीकडे आहात’, आणि तीही इंग्रजी स्पेलिंग चुकवून. आशा संपल्याची सूचना अशुद्धलेखनात लिहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याच्या जवळच व्हिक्सबर्गच्या बाजूला डोळे चोळून बघावं असं हिरवंगार शेत लागतं. अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडचा लसूणघास. तो इथे उगवतो, वाळवून गठ्ठे बांधले जातात आणि जहाजाने सौदी अरेबियाला दुभत्या गायींसाठी जातो. सौदीने आपलं भूजल संपत चाललं म्हणून देशात हिरवा चारा पिकवणं थांबवलं आणि तिथल्या कंपनीने इथे जमीन घेतली. शेजारच्या बटलर व्हॅलीत तर राज्य सरकारची जमीन एकरी वर्षाला २५ डॉलर भाड्याने दिलेली होती. खालून उपसलेल्या पाण्याचे पैसे शून्य. ऑक्टोबर २०२३मध्ये गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी एक भाडेकरार रद्द केला आणि बाकीचे पुढे वाढवणार नाही असं जाहीर केलं, पण कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचा उपसा चालूच होता. कारण ॲरिझोनाचा १९८०चा भूजल कायदा फिनिक्स, टूसॉन अशा ठरावीक क्षेत्रांपुरता आहे. मी गेलो तेव्हा हा ला पाझ काउंटीचा भाग त्याच्या बाहेर होता. तिथे जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. किती उपसलं, कुणी विचारत नव्हतं. वेंडेनच्या परिसरात जमीन खचते आहे आणि घरगुती विहिरी आटल्याच्या तक्रारी आहेत.

लातूरकडे आठशे फुटांवर बोअर मारणाऱ्याला मी ग्रुपवर ‘अडाणी’ म्हटलं होतं. इथे बोअर त्याहून खोल आहेत आणि मारणाऱ्यांच्या पदरी भूगर्भशास्त्रज्ञ आहेत. एवढाच फरक.

हेही मान्य करतो की कागदावर आपला कायदा यापेक्षा बरा आहे. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमात खोल विहिरींवर बंधन आहे. अंमलबजावणीबद्दल मी बोलत नाही, वाचणारे हसतील.

क्वार्टझाइटला एक रात्र काढली. उन्हाळ्यात काही हजार वस्तीचं गाव, पण हिवाळ्यात थंडीच्या राज्यांतून आलेल्या निवृत्त लोकांच्या आरव्हींनी माळरान भरून जातं. सरकारी जमीन, हंगामभराचा परवाना तेव्हा १८० डॉलर. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी बायकोच्या हातातला तांब्या बघून हे कुठे मिळतं म्हणून विचारलं. गावच्या स्मशानात हाय जॉलीची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि टोकाला तांब्याचा उंट. मूळ नाव हाजी अली. १८५०च्या दशकात अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला हा सारवान १९०२मध्ये इथेच वारला. लष्कराने उंटांचा नाद सोडला, माणूस राहिला. परदेशी आलेल्यांपैकी मला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटली.

कोलोरॅडो नदी ओलांडली की ब्लाइद. इथल्या पाण्याच्या हक्काला १८७७ची तारीख आहे, आणि या नदीवर जुना हक्क तो पहिला हक्क. डॉक्टरच्या घरामागे एक शेत मोकळं पडलं होतं. मला वाटलं मालक गेला असेल. डॉक्टर म्हणाला, “अरे, त्याला न पेरण्याचे पैसे मिळतात.” लॉस एंजेलिसच्या बाजूला पाणी पुरवणारी संस्था २००५पासून इथल्या शेतकऱ्यांशी करार करून आहे. ठरलेली जमीन पडीक ठेवा, वाचलेलं पाणी आम्हाला द्या, मोबदला घ्या. करार पस्तीस वर्षांचा, आणि पडीक शेतं फिरती, म्हणजे एकाच तुकड्याची कायमची माती होत नाही.

हे ऐकून मी जागच्या जागी चुलतभावाला फोन लावणार होतो. ऊसबंदी नको, ऊस न लावण्याचा रोख मोबदला द्या. शहरांनी आणि कारखानदारीने द्यावा, कारण पाणी त्यांनाही लागतं. पण डॉक्टरने हात धरला. “पैसे जमीनमालकाला मिळतात. गठ्ठे बांधणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बियाण्याचं दुकानवाला, यांना कोण देतं? माझे पेशंट बघ, निम्मे गाव सोडायच्या गोष्टी करतात.” आपल्याकडे ही यादी कितीतरी लांब होईल. बीडहून कोयता घेऊन निघणारी लाखो माणसं त्यात येतील. त्यांचा हिशेब न करता ‘ऊस बंद’ म्हणणं म्हणजे त्यांना बिनपगारी घरी बसवणं. तरीही मी मत बदललेलं नाही. सरसकट बंदीपेक्षा मोबदला बरा, फक्त त्यातला एक वाटा टोळीच्या मुकादमाकडे न जाता थेट तोडणाऱ्या जोडप्याच्या खात्यावर पडला पाहिजे. साधारण चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, हा राज्याबाबत नेहमी दिला जाणारा आकडा निम्मा जरी खरा धरला, तरी आहे तसं चालू ठेवणं परवडणारं नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. माझे सासरे तेव्हा स्टेशनवर बघायला गेले होते, एखाद्या पाहुण्याला घ्यायला जावं तसे. आणि त्याच मोसमात त्याच जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. चुलतभाऊ या वाक्यावर चिडेल. चिडू दे. पण आता मी ‘अमेरिका बघा’ एवढं म्हणणार नाही.

यूमाला नानाच्या दारात पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, “हे काय आणलास बे, एसटी?” नाना पाण्यातला इंजिनिअर. हिवाळ्यात अमेरिका जी पालेभाजी खाते त्यातली बहुतेक यूमाच्या शेतांतून जाते. लेझरने सपाट केलेली शेतं, पाणी एका टोकाला सोडलं की दुसऱ्या टोकापर्यंत चादरीसारखं सरकतं. वहिनींनी त्याच लेट्यूसमध्ये दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. बरी लागली.

संध्याकाळी नानाने नदी दाखवायला नेलं. मोरेलोस बंधारा, इथे मेक्सिको आपल्या वाट्याचं पाणी उचलतो. १९२२च्या करारात नदीचे दोन भाग पाडून वरच्या आणि खालच्या राज्यांना दरवर्षी पंचाहत्तर-पंचाहत्तर लाख एकर-फूट पाणी वाटून दिलं होतं (एक एकरभर एक फूट उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). मोजमाप नेमकं भरपूर पावसाच्या वर्षांतलं होतं, त्यामुळे कागदावर वाटलेलं पाणी नदीत कधी नव्हतंच. बंधाऱ्याच्या खाली आम्हाला वाळू, झुडपं आणि मधून एक ओल दिसली.

“वरच्यांनी सोडायचं किती आणि खालच्यांनी मागायचं किती,” नाना म्हणाला, “नाशिक-नगर आणि आपलंच की हे.” आपल्याकडे तेव्हा निदान नियम सोपा होता. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीच्या नाथसागरात पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तशी वेळ आली की त्यावर कोर्टकचेरी होते, मोर्चे निघतात, शेवटी उशिरा का होईना पाणी सुटतं. इथे सात राज्यं वर्षानुवर्षं चर्चेला बसतात आणि मेक्सिकोशी तह वेगळा, १९४४चा. मोर्चा कुणी काढत नाही, सगळे वकील पाठवतात. मला विचाराल तर मोर्च्यात माणसं तरी दिसतात.

अंधार पडायला लागला तसा नानाने खिशातून फोन काढला. त्याच्या फोनवर रोज सकाळ-संध्याकाळ दोन आकडे असतात. एक लेक मीडच्या, म्हणजे कोलोरॅडोवरच्या मोठ्या जलाशयाच्या, पातळीचा. तेव्हा ती १०७५ फुटांच्या आसपास होती. तो त्याच्या नोकरीचा.

दुसरा बघून त्याने जीभ टाळूला लावली. “नाथसागर परत उतरला रे.”

वहिनी गाडीतून नानाला म्हणाल्या, “अहो, तिथं आता सकाळ झाली असेल. तुमच्या भावाला फोन लावा, टँकर आला का विचारा.”