माफी द्यायची कोणी?

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांच्या आत्मसमर्पणाचा व्हिडिओ आला. खाली अर्धे 'गोळ्या घाला'वाले, अर्धे टाळ्या वाजवून 'चला, विषय संपला'वाले. डोकंच फिरलं राजेहो. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना कोणी विचारलं का?

आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या ताई गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या. त्यांच्या भावाला नक्षल्यांनी रात्री घरातून नेलं अन् 'पोलिसांचा खबरी' म्हणून मारलं. सकाळी रस्त्यावर तो, शेजारी पत्रक. ताई फाशी मागत नाहीत. एवढंच विचारतात, "त्याचं नाव कोणी सांगितलं? अन् काहून?"

दक्षिण आफ्रिकेत 1996 मध्ये बिशप डेस्मंड टुटूंच्या आयोगानं वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांच्या सुनावण्या सुरू केल्या, तेव्हा अट साधी होती. माफी पाहिजे? मग केलं ते सगळं उघड सांगा. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली थोड्यांनाच. आपल्याकडे 2005 पासून आत्मसमर्पणाची योजना आहे : बंदूक खाली ठेवा, बक्षीस घ्या. बंदुकीचे वेगळे पैसे! ताईंच्या प्रश्नाला त्या फॉर्मात रकानाच नाही.

हो, दक्षिण आफ्रिकेतही सगळं गोड झालं नाही. माफी नाकारलेल्यांपैकी बहुतेकांवर खटलेच चालले नाहीत. आणि इथं बंदुका खाली आल्या हे चांगलंच आहे, मान्य. पुढे?

खरं सांगू, समर्पण करणाऱ्यांचाही मला राग येत नाही. त्यातली कितीतरी पोट्टी मिसरूड फुटायच्या आत जंगलात गेलेली. ताईच एकदा पीठ मळता मळता म्हणाल्या, "मारणारा समोर आला तर मी काही करणार नाही. पण बसून सांग म्हणा." मला नसतं जमलं हे.

रवांडात 1994 च्या नरसंहाराचे खटले 2012 पर्यंत गावोगाव उघड्यावर, शेजाऱ्यांसमोर चालले. त्यातही खोट होती, पण माणसं समोरासमोर तर बसली. आणि आपल्याला तर शिकायला रवांडालाही जायला नको. गडचिरोलीतच धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसते. अशी एखादी सभा गोंडीत, ताईंसारख्यांसाठी का नाही? अन् पोलिसांच्या मारानं ज्यांचं घर मोडलं, त्यांनाही तिथंच बसवा. हे वाचून निम्मे मित्र अनफ्रेंड करतील, खुशाल करा.

शिव्या द्यायच्या असतील तर इनबॉक्समध्ये द्या. इथं आई वाचते.