‘गर्भाशयमुख आखूड आहे, आता पलंगावरून उठू नका’: या सल्ल्यात काय चुकतं

गर्भवतींच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज सतत फिरतो. सोनोग्राफीत गर्भाशयमुख आखूड दिसलं, म्हणजे मुदतीआधी बाळंत होण्याचा धोका वाढलेला दिसला, की लगेच ते बंद ठेवायला टाका घाला, दर आठवड्याला हॉर्मोनचं इंजेक्शन घ्या आणि बाळंतपणापर्यंत पडून राहा. तळमळ खरी आहे, पण यातली एकही गोष्ट सरसकट लागू होत नाही.

‘सोनोग्राफीत आखूड दिसलं’

आधी कुठल्या सोनोग्राफीत, ते विचारा. पोटावरून घेतलेलं माप भरवशाचं नसतं, कारण भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने गर्भाशयमुख प्रत्यक्षापेक्षा लांब दिसतं आणि आखूड असलेलं सुटून जातं. माप योनीमार्गातून, लघवी करून आल्यावर, १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान घ्यायचं. प्रोब (सोनोग्राफीची आत घालायची कांडी) जोरात दाबला तरी लांबी फसवी वाढते. म्हणून तो हलकेच टेकवून आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत तीनदा मोजतात आणि नीट आलेल्या मापांतलं सर्वांत कमी धरतात. तपासणी तीन-चार मिनिटं तरी चालायला हवी, कारण तेवढ्या वेळातही लांबी बदलू शकते. २४ आठवड्यांपूर्वी २५ मि.मी. किंवा त्याहून कमी म्हणजे आखूड. ३२व्या आठवड्यात तेवढंच माप आलं तर त्याचा अर्थ तसाच लागत नाही. तेव्हा ते आखूड होणं बऱ्याचदा स्वाभाविकच असतं.

‘पडून राहा’

सर्वांत जास्त नुकसान हा सल्ला करतो. गर्भाशयमुख मऊ आणि आखूड होतं ते त्याच्या ऊतींतल्या बदलांमुळे. आडवं झाल्याने ते बदल थांबत नाहीत. पहिलटकरणींच्या २०१३मधल्या एका विश्लेषणात हालचाल कमी करायला सांगितलेल्यांपैकी ३७ टक्के ३७ आठवड्यांआधी बाळंत झाल्या, बाकीच्यांत १७ टक्के. जास्त जोखमीच्या बायकांनाच विश्रांती सांगितली गेली असेल, हे त्यात धरावं लागतं. तरी फायद्याचा पुरावा कुठेच नाही. उलट पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू झिजतात.

‘दर आठवड्याला इंजेक्शन’

ते इंजेक्शन (१७-ओएचपीसी) आखूड गर्भाशयमुखावर उपयोगी ठरलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०२३मध्ये त्याची मान्यताच काढून घेतली. एकच बाळ असेल तर पुरावा आहे तो योनीमार्गातून घ्यायच्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचा: रोज रात्री २०० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल किंवा रोज ९० मि.ग्रॅ. जेल, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. २००७च्या चाचणीत १५ मि.मी. किंवा कमी लांबी असलेल्यांत ३४ आठवड्यांआधीच्या आपोआप झालेल्या प्रसूती ३४.४ टक्क्यांवरून १९.२ टक्क्यांवर आल्या. कॅप्सूलमुळे पांढरट स्राव होतो. घाबरून डोस बंद करू नका.

‘लगेच टाका घाला’

टाक्याचा फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या गर्भवतींना: आधी मुदतपूर्व प्रसूती किंवा उशिराचा गर्भपात झालेला आणि आता माप २५ मि.मी.खाली, किंवा गर्भाशयमुख उघडून पाणपिशवी दिसू लागलेली. आधीचा इतिहास नसेल तर सुरुवात सहसा प्रोजेस्टेरॉनने होते. जुळ्यांत तर केवळ आखूड मापावरून टाका घालू नये. त्याने मुदतपूर्व प्रसूती वाढल्याचं दिसलं आहे.

टाका घातलेला असेल तर तो ३६-३७ आठवड्यांत काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि पोचताच ‘टाका आहे’ हे सांगा. जोरदार कळांत टाका तसाच राहिला तर गर्भाशयमुख फाटू शकतं.