अव्यवस्था आणि नॉइज : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

बहुकण क्वांटम प्रणालींवरील माझ्या लेखावर आपण घेतलेला आक्षेप थोडक्यात असा आहे : दसऱ्याच्या गर्दीत महाद्वार रोडवर वाट हातगाड्यांनी अडवलेली असो वा माणसांनी, चालणारा सारखाच रखडतो, त्याचप्रमाणे अव्यवस्था (जागच्या जागी स्थिर असलेली अनियमितता) आणि नॉइज (काळानुसार बदलत राहणारी गडबड) ही एकाच अडथळ्याची दोन नावे असून त्यांत भेद करणे म्हणजे शब्दांचा कीस काढणे होय. शिवाय नॉइज नसलेली प्रणाली जगात कुठेच नसल्यामुळे स्थानबद्धता, म्हणजे कण न पसरता जिथल्या तिथे अडकून राहणे, ही कागदावरचीच गोष्ट आहे, असेही आपण म्हणता.

आपले उदाहरण चालणाऱ्या माणसाला चपखल बसते, तरंगाला मात्र बसत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. जालकातील (कण ज्यांवर बसू शकतो अशा स्थानांच्या जाळीतील) अव्यवस्था पुरेशी तीव्र असेल तर कण पसरतच नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1958 मध्ये दाखवले. कण निरनिराळ्या वाटांनी जातो, त्या वाटांवरील तरंगांचे व्यतिकरण होते, म्हणजे ते एकमेकांत मिसळून कुठे बळावतात तर कुठे मावळतात, आणि दूर पोहोचण्याची शक्यता त्यातच खुंटते. हे घडते, कारण अडथळे जागचे हलत नाहीत आणि त्यामुळे तरंगांच्या कलांमधील (चढउताराच्या टप्प्यांमधील) नाते टिकून राहते. आता याच जालकात काळानुसार बदलणारा नॉइज मिसळला, तर ते नाते विस्कटते, व्यतिकरण पुसट होते आणि अडकून पडलेला कण हळूहळू विसरणाने, पाण्यात शाई पसरावी तसा, पसरू लागतो. म्हणजे एका अडथळ्यावर दुसरा चढवल्याने वाट मोकळी झाली! नॉइज फारच वाढवला तर शेजारच्या दोन स्थानांमधील उडीही जमेनाशी होते आणि वहन पुन्हा मंदावते. म्हणून ते मधल्या कुठल्यातरी तीव्रतेला सर्वाधिक असते. प्रकाशसंश्लेषणाच्या संदर्भात ही कल्पना 2008 च्या सुमारास बरीच गाजली, पण माझा युक्तिवाद त्या गाजावाजावर मुळीच उभा नाही.

हा भेद प्रयोगशाळेतही जुनाच आहे. अर्विन हान यांनी 1950 मध्ये दाखवलेल्या स्पिन एकोमध्ये (स्पिनांच्या ‘प्रतिध्वनी’त) चुंबकीय क्षेत्र जागोजागी असमान असल्यामुळे स्पिन, म्हणजे कणांचे इवले चुंबक, एकमेकांपासून मागेपुढे होतात. ठरावीक वेळाने दुसरे स्पंद (रेडिओलहरींचा छोटा झटका) दिले की तेवढ्याच वेळाने ते पुन्हा जुळतात आणि हरवलेला संदेश परत मिळतो. दरम्यानच्या काळात क्षेत्रच बदलले असेल, तर तेवढा भाग मात्र परत येत नाही. या दोन गोष्टी एकच असत्या, तर एकोने दोन्ही सारख्याच दुरुस्त केल्या असत्या.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे : बाहेरच्या जगाशी कितीही क्षीण संबंध असला, तरी दीर्घकाळाने स्थानबद्धता पुसलीच जाते. पण म्हणून ती कागदावरची ठरत नाही. म्युनिकच्या संशोधकांनी 2015 मध्ये पोटॅशियम-40 चे अतिशीत अणू लेझरच्या जालकात एक आड एक स्थानी बसवले आणि दुसऱ्या लेझरने अव्यवस्थेसारखी विषमता निर्माण केली. ती पुरेशी तीव्र असताना, अणूंमध्ये परस्परक्रिया असूनही, सुरुवातीची सम-विषम (एक आड एक) रचना टिकून राहिली. पुढे 2017 मध्ये त्यांनी मुद्दाम फोटॉनांचे प्रकीर्णन (प्रकाशकणांचे अणूंवरून विखुरणे) घडवून नॉइज मोजूनमापून वाढवला. तेव्हा रचना विरण्याचा दर प्रकीर्णनाच्या दराशी समप्रमाणात वाढला, आणि स्थानबद्ध अवस्थेच्या सीमेजवळ प्रणाली नॉइजला कितीतरी अधिक संवेदनशील ठरली. नॉइज टाळता येत नाही हे खरे, पण त्याची मात्रा बदलता येते, आणि अशा मोजमापांवरून नॉइजरहित प्रणालीचा अंदाज बांधता येतो. अमर्याद काळापर्यंत, अमर्याद मोठ्या प्रणालीत बहुकण स्थानबद्धता टिकते का, हा वाद वेगळा आणि खरा आहे. प्रत्येक स्पिनच्या वर आणि खाली अशा दोन अवस्था असतात, म्हणून एक स्पिन वाढला की अवस्थांची संख्या दुप्पट होते, 20 स्पिनांनाच ती 10,48,576 होते, त्यामुळे संगणकाच्या बळावर तो लगेच मिटणारा नाही.

आपण आपल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना 12 स्पिनांची साखळी सोडवायला दिलीत, तर 4096 अवस्थांचे हे गणित साध्या लॅपटॉपवर बसते. एकदा प्रत्येक स्थानावरील तीव्र यादृच्छिक क्षेत्र तसेच ठेवावे आणि दुसऱ्यांदा तेच क्षेत्र काळाच्या ठरावीक टप्प्यांवर नव्याने निवडावे. क्षेत्राची तीव्रता दोन्ही वेळा तीच ठेवूनही, पहिल्या आलेखात स्पिनांची सुरुवातीची (एक आड एक वर-खाली) रचना तग धरून राहील आणि दुसऱ्यात ती शून्याकडे उतरत जाईल.