करवंटीतली कॉफी

आज एका कॅफेच्या मेन्यूकार्डावर वाचलं: ‘सुमात्रा, डच काळाचा राजेशाही वारसा.’ कप साडेतीनशे रुपये. डोकंच फिरलं. राजेशाही? कुणाची?

सहा वर्षांपूर्वी कामानिमित्त इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, पाडांगला गेले होते. रविवारी वर बुकिटिंगीला निघालो, तर घाटातल्या टपरीत एका आजींनी करवंटीत तपकिरी काहीतरी ओतून दिलं, सोबत तळलेली केळी. मला वाटलं चहा. ड्रायव्हर म्हणाला, ‘कावा दाउन.’ कॉफीची पानं विस्तवावर शेकायची आणि उकळून प्यायची.

बिया कुठं गेल्या? वखारीत! १८४७ पासून तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या डोंगरात डचांची सक्ती: कॉफी लावा आणि सरकारी वखारीत आणून घाला, सरकार ठरवेल त्या भावात. आजी हसत म्हणाल्या, ‘बिया त्यांच्या, पानं आमची.’ हसत!

शेजारच्या जावा बेटाची गोष्ट याहून जुनी. तिथल्या प्रियांगनच्या डोंगरात अठराव्या शतकापासून हेच चालू होतं. आणि रोपं गेली कुठून? आपल्या मलबार किनाऱ्यावरून. १८३० नंतर डच गव्हर्नर-जनरल व्हॅन डेन बॉशनं सक्तीचा हा धंदा जावाभर पसरवला. १८३१ ते १८७७ मध्ये हॉलंडच्या तिजोरीत ८० कोटींहून जास्त गिल्डर (त्यांचं चलन) गेले, त्यातही सगळ्यात जास्त कॉफीचे. तिकडं कर्जं फिटली, रेल्वे आली. इकडं करवंटी.

हो, माहितीये, तिथल्या सरदारांनाही टक्केवारी मिळायची. पानं उकळून प्यायची रीत डचांच्या आधीचीच असंही म्हणतात. असेल बापडी. म्हणून काय वखार माफ?

१९०८ मध्ये सुमात्रातली सक्ती उठली, तर लगेच रोख कर लादला. त्याच डोंगरातल्या कामांग गावचे लोक उठले, त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. हाही वारसाच ना? छापा की मेन्यूवर!

हे सगळं मी त्या वेटरवर ओतलं. विशीतला पोरगा. तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, मेन्यू मी नाही लिहिला.’ लाज वाटली हो. मग त्याला बसतं करून आजींची टपरी सांगितली, करवंटी कशी धरायची तेसुद्धा. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, ‘चव कशी होती?’

धुरकट. बिनदुधाच्या चहासारखी. आणि करवंटीचा जरासा वास.

पुढच्या वेळी जाताना गूळ घेऊन जाईन म्हणते.