‘चोरी चोराने केली, कंपनीचा काय संबंध?’

अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या गाड्यांच्या चोऱ्यांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. गाडी चोराने चोरली, ती कशी चोरायची हे टिकटॉकने शिकवले, कंपनीने कोणताही नियम मोडला नाही, आणि ज्याला चोरायचीच आहे तो ती कशीही चोरणार. मग जाब कंपनीला का विचारायचा? यातले पहिले विधान निर्विवाद खरे आहे. उरलेली तीन मात्र तपासायला हवीत.

नियमाचा मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो. तेथील संघीय नियमांत इमोबिलायझरची सक्ती नव्हती आणि वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२३ मध्ये या गाड्या परत मागवायला लावण्यासही नकार दिला, हे मान्यच आहे. पण किल्लीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारे हे उपकरण युरोपात १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक आहे, आणि याच कंपन्या तिथे ते बसवून गाड्या विकत होत्या. खुद्द अमेरिकेत, कोणतीही सक्ती नसताना, २०१५ च्या मॉडेलांमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातच होता. ह्युंदाई-किआच्या अवघ्या २६ टक्के मॉडेलांत तो होता. तंत्र हाताशी होते, बाजारातील रीतही ठरून गेली होती. तरीही जिथे कायदा गप्प होता तिथेच ते वगळले गेले, आणि हा निर्णय चोराने घेतलेला नव्हता.

टिकटॉकवर सगळे खापर फोडणेही पटत नाही. ते व्हिडिओ देशभर पसरले २०२२ मध्ये. मिलवॉकी शहरात २०२१ सालीच चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश गाड्या या दोन कंपन्यांच्या होत्या. स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण उचकटायचे आणि किल्लीऐवजी यूएसबी केबलचे टोक वापरायचे, एवढ्यावर ज्या गाडीचे इंजिन चालू होते तिची उणीव व्हिडिओच्या आधीपासूनच होती. इमोबिलायझर असलेल्या गाडीपुढे तोच व्हिडिओ निरुपयोगी ठरतो.

‘चोर कशीही चोरेल’ या म्हणण्याला उत्तर कंपन्यांच्याच उपायातून मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर झाली, आणि ती करून घेतलेल्या गाड्यांच्या चोरीचे विमा-दावे पुढे निम्म्याहून कमी झाले. चावीविरहित गाड्यांचा संकेत पकडून चोरी करणाऱ्या टोळ्या आहेत, हे खरे. पण त्यासाठी उपकरणे आणि सराव लागतो, शाळकरी मुलाच्या हाती असलेली केबल पुरत नाही.

आणि या सगळ्याची किंमत कोणी मोजली? सुधारणा जाहीर होईपर्यंत अशा चोऱ्यांशी निगडित किमान ८ मृत्यूंची नोंद झाली होती. काही भागांत विमा कंपन्यांनी या गाड्यांचा नवा विमा उतरवणेच थांबवले, आणि ज्या गाड्यांत ते सॉफ्टवेअर बसत नव्हते त्यांच्या मालकांना सुरुवातीला स्टिअरिंग लॉकवर भागवावे लागले.